छत्र्यांच्या कापडाचं आकाश

"अंधारात कोण कोणाला लागतं ते दिसत नाही, बाई. म्हणून म्हणतो, ही पाच मुलं रांगेतून बाजूला घ्या."

संस्थेचे चिटणीस हे मला म्हणाले. हळू आवाजात नाही. व्हरांड्यात दुसरीचा वर्ग रांगेनं उभा होता. शिपाई होता. मुलांचे डबे घेऊन आलेल्या तीन-चार आया होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

पाच मुलं म्हणजे मुलुंडच्या टेकडीखालच्या दगडखाणीवरची. तीन वडारांची, एक महाराचा, एक मांगाची. खाणीजवळ दुसरी शाळा नव्हती आणि आमच्या शाळेला अनुदानासाठी पट भरायला हवा होता, म्हणून त्यांना घेतलेलं. रांगेत सगळ्यात पुढं यल्लू होती. वडाराची पोर, सात वर्षांची. आत जायचं तर पाय स्वच्छ हवेत असं मी सांगितलं होतं, म्हणून तिनं नळावर पाय इतके घासले होते की घोटे लाल झाले होते.

मी काय केलं?

मी तिचा हात धरला आणि तिला रांगेतून बाहेर घेतलं. मग बाकीच्या चौघांना.

"पुढच्या खेपेला हं, यल्लू."

"पुडं म्हंजी कवा, बाई?"

मी हॉलमध्ये टांगलेल्या काळ्या कापडाची कड उचलली आणि उरलेल्या मुलांना म्हटलं, "चला, एकेक करून आत."

चिटणीसांनी नुसतं सांगितलं. काढली मी. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना मी कुणाला शूर वाटेन. त्या दिवशी मी भित्री होते. भ्यायला माझ्याकडे कारणही होतं.

मी चांभाराची मुलगी. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. ऐकून कुणाला अंदाज येत नाही. फायनल पास झाले, ट्रेनिंग झालं, मुलाखतीला गेले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझे आबा भांडुप स्टेशनच्या बाहेर भिंतीला टेकून बसतात. वर्षभर चपला, पावसाळ्यात छत्र्या. शाळा एक स्टेशन पुढं, मुलुंडला. तेवढं अंतर मला पुरत होतं. दोन वर्षं मी त्या अंतराच्या आडोशाला नोकरी केली.

त्या साली रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला. मुलुंडच्या गच्च्यांवर संध्याकाळी माणसं माना वर करून उभी राहायची. कुणाला दिसला, कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात एकच गोंधळ.

"बाई, तो खाली का पडत नाही?"

"बाई, त्यात माणूस आहे?"

"बाई, चांदण्या दिवसा कुठं जातात?"

फळ्यावर मी सूर्य काढला, पृथ्वी काढली. मुलं जांभया द्यायला लागली. खडूच्या ठिपक्याला चांदणी म्हणायला ती तयार नव्हती, आणि त्यांचं बरोबर होतं.

घरी आबा मोडक्या छत्र्यांच्या काड्या वेगळ्या करत होते. लोक छत्री दुरुस्तीला देतात आणि न्यायला येत नाहीत. अशा छत्र्यांचा ढीगच होता आमच्याकडे. एक काळं कापड त्यांनी उन्हाकडे धरलं, कुठं कुठं फाटलंय ते बघायला. त्यातल्या बारीक भोकांतून ऊन आलं. मी बघतच राहिले.

"आबा, ही सगळी कापडं मला द्या."

"काय करतीस?"

"आकाश."

ते हसले. पण दिली. तीसेक छत्र्यांची कापडं दुहेरी करून आम्ही दोघांनी शिवली. खाली बांबूच्या कामटीचं कडं, वर मधोमध दोरी. शाळेच्या हॉलच्या तुळईला ते टांगलं की मोठा काळा घुमट व्हायचा, कड जमिनीला टेकलेली. ग्रंथालयातल्या पुस्तकातला नक्षत्रांचा नकाशा मी कापडावर खडूनं उतरवला. आबांनी भोकं पाडली. चपला शिवायच्या आरीनं. ठळक तारा असेल तिथं जाड आरी, बारीक असेल तिथं टोक नुसतं टेकवायचं. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. पण सप्तर्षी काढले तेव्हा त्यांनी बोट ठेवलं. "ही बाज. हे तिचं चार खूर, आन् हे तीन चोर." मृगाला ते तिकांडं म्हणाले. पुस्तकात तीन रेघा चुकल्या होत्या, त्यांनी त्या बरोबर केल्या.

दुपारी बाराच्या सुमारास हॉलच्या खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर लख्ख ऊन आणि घुमटाच्या आत काळोख. एका खेपेला पंधरा मुलं. डोकी मधे, पाय कडेकडे, सगळी उताणी. भीती वाटू नये म्हणून शेजारच्याचा हात धरायचा. "डोळे मिटा. वीस मोजा. उघडा."

पहिल्या खेपेला डोळे उघडले. मग वकिलांची सुलभा हळूच म्हणाली, "अगं बाई." अगदी तिच्या आईसारखं.

मी आतल्या कडेनं वाकून चालत कापड फिरवायची. तारे डोक्यावर गोल फिरायचे. दोऱ्यात ओवलेला काचेचा मणी मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढायची, त्यावर बॅटरीचा झोत. तो कृत्रिम चंद्र. खाली का पडत नाही ते तेव्हा सांगायची. दगड जोरात फेकला तर लांब पडतो. अजून जोरात फेकला तर अजून लांब. इतक्या जोरात फेकला की जमीनच त्याच्याखालून वळत गेली, तर तो पडायचा कुठं? खाणीवरच्या मुलांना हे सगळ्यात आधी कळलं. दगड त्यांच्या रोजच्या हातातला.

चिटणीससुद्धा एकदा आत येऊन पडले होते. धोतर सावरत. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "वा, बाई! वा! मी इतकी वर्षं जगलो, पण आकाश असं फिरतं हे आज पाहिलं." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मुलं घरी जाऊन सांगायला लागली. आत काय दिसलं ते, आणि कुणी कुणाचा हात धरला तेही. दोन आया तक्रार घेऊन आल्या. आणि त्या शनिवारी व्हरांड्यात पाच मुलं रांगेतून निघाली.

त्यानंतर मला बसवेना. वर्गात खुर्चीत टेकले की उठायची. पाढे म्हणून घेताना बाकांमधून नुसती येरझाऱ्या घालायची. घरी भाकरी तव्यावर तशीच राहायची, जळल्याचा वास आला की आबा हाक मारायचे. खाणीवरची पोरं रोज शाळेत येत होती. मला वाटलं होतं, यल्लू रुसेल. ती रुसली नाही. ती पुन्हा विचारत नव्हती एवढंच. तिच्या घरी बहुतेक तिला सांगितलं असणार की असंच असतं. सात वर्षांच्या मुलीला ते पटलं होतं, आणि माझ्या जिवाची तगमग होत होती.

आठवड्यानं वर्गात सुलभानं विचारलं, "बाई, आकाशाला इतकी छान भोकं कुणी पाडली?"

"माझ्या आबांनी."

"कशानं?"

इथं मला थांबता आलं असतं. सुई म्हणता आलं असतं, खिळा म्हणता आलं असतं. दोन वर्षं मी हेच करत आले होते. पण तिसऱ्या बाकावर यल्लू बसली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आरीनं. चपला शिवायच्या. माझे आबा चांभार आहेत."

मुलांना त्यात काहीच वाटलं नाही. "ती कशी असते, बाई? उद्या आणाल?" एवढंच. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी बोलावलं. त्यांच्या टेबलासमोर नेहमीची खुर्ची होती. एरवी मी दारात दिसले की ते म्हणायचे, "या बाई, बसा." त्या दिवशी म्हणाले नाहीत. मी उभी. ते कागद चाळत होते.

"आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी आणखी एक कागद उलटला.

"असो. मी तसा माणूस नाही. पण पालकांचं बघावं लागतं." मग त्यांनी कागद बाजूला ठेवले. "पुढच्या महिन्यात शिक्षणखात्याचे साहेब येतायत. त्यांना तुमचा तो आकाशाचा कार्यक्रम दाखवायचाय. कापड मात्र नवं घेऊ. शिंपी आपला आहे, भोकं पडली की तो शिवेल. भोकं तेवढी तुमच्या वडिलांकडून पाडून घ्या. त्यांना हात आहे तसा. घरीच पाडू देत, इथं यायची गरज नाही. मग आपण ते जरा शिंपडून घेऊ."

"काय शिंपडून घेऊ?"

"अहो, रीत असते. लोकांचं समाधान. आणि आत बोलायला चौथीच्या बाई बसतील. त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत. तुम्ही बाहेरून कापड फिरवा."

"आणि खाणीवरची मुलं?"

"त्या दिवशी सुट्टी द्या त्यांना."

काळ्या सॅटिनचा तागा त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला. हातात दिला नाही. मी तो उचलला. "बरं" म्हटलं. हेही लिहून ठेवते. मी "बरं" म्हटलं.

घरी आले. आबा एका चपलेला टाच मारत होते. मी सगळं सांगितलं. शिंपडायचंसुद्धा. त्यांची हातोडी थांबली नाही. टाच पुरी बसल्यावर बोलले.

"छत्री दुरुस्त करून देतो, ती डोस्क्यावर धरत्यात. तवा कुणी शिंपडत न्हाई."

मला वाटलं आता ते चिडतील. मला ते चिडायला हवे होते. त्यांनी सॅटिनचा तागा जवळ ओढला, चिमटीत धरून पोत बघितला.

"निसरडं हाय. भोक फाकंल. बारकी आरी घ्यावी लागंल." आणि आरी उचलली. "कुठनं सुरू करायचं, पोरी? बाजेपासनं?"

"आबा, तुम्ही हे करणार?"

"तुझी नोकरी हाय."

बास. तेवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. पाऊस आला तर छत्री उघडावी, तसा आवाज. आयुष्यभर त्यांनी असंच केलं होतं. शिंपडू देत, बाहेर बसवू देत, काम मागितलं की काम करून द्यायचं. आणि हे ते माझ्यासाठी करत होते. यल्लूला रांगेतून काढताना मीही असंच केलं होतं. कुणासाठी? माझ्या खुर्चीसाठी. आणि खुर्चीवर "बसा" म्हणणारं तोंड आज बंद झालं होतं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"ठेवा ती आरी खाली."

"अगं..."

"ठेवा, आबा. ह्या कापडाला तुमचा हात लागणार नाही. आकाश एकच आहे, ते तुमचं आहे. तेच लागेल."

"काडतील तुला," म्हणाले.

"काढू देत."

आबांनी आरी खाली ठेवली. मग तागा उचलला आणि कोरं कापड मळू नये म्हणून वर्तमानपत्रात नीट बांधून दिला. त्यांचा स्वभावच तसा.

चिटणीस विचारायचे, मी 'चाललंय' म्हणत दिवस ढकलले. साहेब यायच्या दिवशी मी सकाळीच तो तागा चिटणीसांच्या टेबलावर ठेवला, वर्तमानपत्रासकट. हॉलमध्ये आमचा जुना घुमट टांगला. बाराच्या आधी पहिली खेप आत घेतली. सगळ्यात पुढं यल्लू. मागं खाणीवरची बाकीची चौघं. मग सुलभा आणि आणखी नऊ जणं. पंधरा पुरी. "हात धरा," म्हटलं. बोलायला मीच बसले. माझे उच्चार असतील तसे.

वीस मोजून झाले. डोळे उघडले. मी कापड फिरवायला घेतलं. तेवढ्यात बाहेर बुटांचे आवाज आले.

चिटणीसांचा आवाज, अगदी कापडाला लागून. "बाई, बाहेर या."

"कार्यक्रम चालू आहे. संपला की येते."

"आत कोण कोण आहे?"

"दुसरीचा वर्ग."

मग, "ती पाच मुलं बाहेर काढा."

मुलं ऐकत होती. यल्लू माझ्या अगदी जवळ होती. ती उठायला लागली. कुणी न सांगता. तिला ठाऊक होतं पाच म्हणजे कोण. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला पुन्हा निजवलं.

"नाही काढणार," मी म्हटलं. "मागं एकदा काढली, ती चूक झाली माझी. आता नाही."

चिटणीसांनी शिपायाला काहीतरी सांगितलं. कापडाची कड उचलली गेली. एका बाजूनं पूर्ण वर. ऊन धाडकन आत आलं. तारे गेले. आणि बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना, साहेबांना, आयांना, चौथीच्या बाईंना, जमिनीवर उताणी पडलेली पंधरा मुलं दिसली. कुणाचा हात कुणाच्या हातात आहे ते दिसलं. सुलभाचा यल्लूच्या हातात होता.

"सुलू! सोड! सोड आधी तो हात!" तिची आई किंचाळली.

सुलभानं सोडला. आईचा आवाज होता, सात वर्षांची पोर काय करील. पण मी ते अगदी जवळून बघितलं. तिनं सोडला आणि फ्रॉकला पुसला. महिनाभरापूर्वी हीच मुलगी मला आरी आणा म्हणत होती. पुसायचं असतं हे तिला त्या क्षणी कळलं, आणि आता ते ती विसरणार नाही. यल्लूचा हात तसाच उघडा राहिला जमिनीवर.

सात मुलांना आया ओढून घेऊन गेल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. "पुढचा कार्यक्रम काय आहे?" त्यांनी विचारलं. चिटणीस त्यांना घेऊन गेले. शिपाई कड धरून उभा होता. मी म्हटलं, "सोडा." त्यानं सोडली. पुन्हा अंधार झाला.

"बाई, झालं?" यल्लूनं विचारलं.

"नाही झालं. जवळ सरका. हात धरा. डोळे मिटा. वीस मोजा."

आठ मुलं उरली होती. पाच खाणीवरची आणि तीन दुसरी, ज्यांच्या आया त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी बाज दाखवली, तिकांडं दाखवलं. मणी ओढला. सगळा कार्यक्रम शेवटपर्यंत केला.

संध्याकाळी चिटणीसांनी टेबलावर कोरा कागद ठेवला.

"राजीनामा लिहून द्या. तुमच्याही अब्रूचा प्रश्न आहे. शांतपणे मिटेल."

खुर्ची रिकामी होती. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही. मी ती ओढली आणि बसले.

"मी राजीनामा देणार नाही. तुम्ही मला काढा. लेखी काढा. आणि कारण लिहा."

"कारण काय लिहायचं?"

"जे खरं आहे ते. सगळ्यांसमोर जे बोललात, तेच लिहा. खाली सही करा."

त्यांनी टाकाचं टोक दौतीत बुडवलं. माझं नाव लिहिलं. पुढं हात चालेना. अस्पृश्यता पाळणं हा आता गुन्हा आहे, तसा कायदा झालाय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यावर त्यांनी शाळेत भाषणही दिलं होतं. व्हरांड्यात बोललेलं त्यांना कागदावर आणता येईना. शाई कागदावर ठिबकली. त्यांनी टाक ठेवला.

"जा तुम्ही," म्हणाले.

त्यांनी मला काढलं नाही. वर्ग काढून घेतला. दुसरीला चौथीच्या बाईंची धाकटी बहीण आली. मला जिन्याखालची सामानाची खोली दिली. खडूचे डबे, नकाशे, फुटके बाक, आणि आठवड्यातून दोन तास मुलींचं शिवण. घुमट त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलं. शाळेची वस्तू आहे म्हणाले. इतर शिक्षिका माझ्याशी बोलत नाहीत. पाण्याच्या पिंपाजवळ मी गेले की त्या थांबतात, मी निघाले की पुढं होतात. मी कंटाळून जाईन अशी सगळ्यांची अटकळ आहे. मला कंटाळा येतो. रागही येतो. कधी दुपारी त्या खोलीत गुदमरायला होतं आणि वाटतं, उठावं, जावं. भांडुपला म्युनिसिपालिटीच्या शाळेत जागा निघाली होती. आबा म्हणाले, "जातीस का?" मी नाही म्हटलं. मी गेले तर ती खोली रिकामी होईल, आणि खाणीवरची मुलं अजून ह्याच शाळेत आहेत. मागच्या बाकावर बसवलीत त्यांना आता.

दर सोमवारी मी एक अर्ज लिहिते. दुसरीचा वर्ग मला परत द्या. कपाटाची किल्ली मला परत द्या. खाणीवरची मुलं पुढं बसवा. नाहीतर का नाही ते लेखी कळवा. कारकुनाकडून पोच घेते, शिक्क्यासकट. उत्तर आलेलं नाही. पोचांची गड्डी आबांनी चामड्याच्या वादीनं बांधून ठेवलीय. जिथं दाखवायची तिथं ती दाखवीन, आणि कोर्टाची पायरी चढावी लागली तर चढेन.

अर्जात 'विनंती' हा शब्द मी घालत नाही.